पोस्ट-कोविड ओपीडी बंद करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्यविषयक धोरणे ठरवणारे अधिकारी, रुग्णालयांचे व्यवस्थापन आणि रुग्ण तपासणारे सर्व डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी मी रुग्णालयात पोहोचले, तेव्हा पोस्ट-कोविड ओपीडीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. रुग्णसंख्या घटल्यामुळे हा विभाग बंद करण्यात येत असून रुग्णांनी यापुढे सर्वसाधारण ओपीडीत दाखवावे, अशा दोन ओळी आणि खाली सही-शिक्का. बाहेरच्या बाकापाशी आम्ही पाच जण होतो. एक बाई डोळ्यांवर रुमाल ठेवून बसल्या होत्या, कारण व्हरांड्यातला उजेड त्यांना सोसत नव्हता. एक तरुण भिंतीला टेकून खालीच बसला होता. तो कागद आम्ही एकेकाने वाचला आणि कोणी काही न बोलता उठलो. बोलायलाही बळ लागते, आणि प्रत्येकाला ते परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवायचे होते. त्या दिवशी जे बोलता आले नाही, ते आता तीन आठवडे रोज थोडे थोडे करून लिहिले आहे. त्या रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. तिथल्या एका डॉक्टरांची मी ऋणी आहे, आणि माझे म्हणणे एका रुग्णालयापुरते नाही.

'रुग्णसंख्या घटल्यामुळे' या शब्दांबद्दल आधी बोलते. ओपीडीत येणाऱ्यांची संख्या घटली, हे खरेच असेल. पण कोविडनंतर मागे राहणारा हा आजार, म्हणजे दीर्घ कोविड (लाँग कोविड), जितका वाढतो, तितका रुग्ण रुग्णालयापासून दूर जातो. रांगेत दोन तास बसल्याची भरपाई म्हणून ज्याला पुढचे दोन दिवस अंथरुणात काढावे लागतात, तो तिसऱ्या खेपेनंतर येणे सोडतो. त्याने येणे सोडले की तो आपल्या लेखी बरा होतो. जे चालत दारापर्यंत पोहोचू शकतात त्यांनाच मोजायचे आणि त्या मोजणीवरून दार बंद करायचे, हा हिशेब मला गणिताची शिक्षिका म्हणून मान्य नाही आणि रुग्ण म्हणून तर नाहीच.

मी एकोणीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. माझा कोविडचा संसर्ग सौम्य होता. पाच दिवस ताप, अंगदुखी, थोडा खोकला. ऑक्सिजन एकदाही खाली आला नाही आणि दवाखान्यात दाखल होण्याची वेळही आली नाही. दहाव्या दिवशी मला तंदुरुस्त असल्याचे सांगण्यात आले आणि मी शाळेत रुजू झाले. तिसऱ्या आठवड्यात नववीच्या वर्गात एक साधे समीकरण सोडवत होते. एक पद उजव्या बाजूला नेले, चिन्ह बदलले, आणि पुढे काय करायचे ते मला आठवेना. खडू फळ्यावर टेकलेला होता, वर धरलेला हात शिशासारखा जड झाला होता आणि छाती इतकी धडधडत होती की ती वर्गाला ऐकू जाईल असे वाटले. मी उत्तराची वाट पाहते आहे असे समजून पहिल्या बाकावरच्या मुलीने पुढची पायरी सांगितली. मी ती लिहिली. तिचे बरोबर आहे की नाही, हे मला त्या क्षणी कळत नव्हते. त्यानंतर मी खुर्चीत बसून शिकवू लागले, मग अर्धा दिवस, मग अर्धपगारी रजा, आणि आता बिनपगारी. त्या पाच दिवसांच्या तापाला दोन वर्षे होत आली.

पहिल्या अकरा महिन्यांत मला चार डॉक्टरांनी तपासले. रक्त, थायरॉईड, छातीचा एक्स-रे, इसीजी, सोनोग्राफी, सर्व झाले आणि सर्व नॉर्मल आले. प्रत्येक वेळी मला झोपवून किंवा बसवून तपासले गेले. पाचव्या भेटीत, याच आता बंद झालेल्या ओपीडीत, एका डॉक्टरांनी मला दहा मिनिटे शांत पडून राहायला सांगितले आणि नाडी मोजली. ती ६८ होती. मग भिंतीला पाठ टेकवून, टाचा भिंतीपासून थोड्या पुढे ठेवून, न हलता उभे केले आणि मिनिटामिनिटाला नाडी व रक्तदाब कागदावर उतरवत गेले. तिसऱ्या मिनिटाला ९४, सहाव्याला १०३, नवव्याला ११२. रक्तदाब फारसा उतरला नव्हता. पायांचे तळवे जांभळट पडले होते आणि ते मला वाकून पाहायची गरज पडली नाही, डॉक्टरांनीच दाखवले. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत रक्तदाब न पडता नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते आणि त्रास महिनोन् महिने टिकतो, तेव्हा त्याला पॉट्स म्हणतात, असे त्यांनी समजावून सांगितले. हृदय चांगले असते; नाडी, रक्तवाहिन्या, घाम, पचन हे सारे आपोआप चालवणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा ताल बिघडलेला असतो. हे शोधायला एक भिंत, एक घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे त्या ओपीडीत मिळत होती. सर्वसाधारण ओपीडीत, जिथे एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात, तिथे ती कोण देणार?

आता आमची गाऱ्हाणी सांगते.

पहिले गाऱ्हाणे नोंदीचे आहे. साथीच्या काळात रोज तीन आकडे जाहीर होत असत: बाधित, मृत आणि बरे झालेले. आमच्यासाठी चौथा रकाना कधीच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या स्थितीची व्याख्या जाहीर केली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने स्पष्ट न होणारी लक्षणे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला यू०९.९ हा स्वतंत्र संकेतांकही आहे. म्हणजे व्याख्या आहे आणि संकेतांक आहे, तरीही माझ्या अकरा महिन्यांच्या केसपेपरवर प्रत्येक वेळी 'अशक्तपणा' एवढाच शब्द आहे. संसर्ग झालेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ६ जणांना हा त्रास होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचाच अंदाज आहे. लसीकरणाने हे प्रमाण घटते आणि बहुतेक माणसे काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात, हेही तितकेच खरे आहे. मला कोणालाही घाबरवायचे नाही. परंतु ज्यांची नोंदच होत नाही, त्यांच्यासाठी औषध, खाट, डॉक्टर किंवा निधी कोणत्या आधारावर मागायचा?

दुसरे गाऱ्हाणे 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' या वाक्याचे, आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या 'मनाला लावून घेऊ नका' या सल्ल्याचे आहे. हा सल्ला नवा नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जवळजवळ ३०० कर्मचारी एका अनाकलनीय आजाराने पडले आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावे लागले. स्नायूंचे दुखणे, टोकाचा थकवा, विस्मरण, आणि काहींचे ते वर्षानुवर्षे न सुटणे, या अनुभवांतून 'मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस' हे नाव रूढ झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्ये त्या आजाराला मज्जासंस्थेच्या विकारांत जागा दिली. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रॉयल फ्रीच्या रुग्णांना न तपासता, केवळ जुनी कागदपत्रे वाचून, तो सामूहिक उन्माद असल्याचे मत मांडले. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, हा त्यांचा एक मुख्य आधार होता. त्या मताची सावली अर्धशतकभर हटली नाही. मीही ती पाहिली आहे. 'तुमचे वयच असे आहे', हे चारपैकी दोन डॉक्टरांनी मला सांगितले.

त्या मताला पुरेसे उत्तर मिळालेले आहे. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो परिसरात संशोधकांनी एपस्टीन-बार विषाणू, रॉस रिव्हर विषाणू आणि क्यू फिव्हर या तीन अगदी वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांचा आजाराच्या सुरुवातीपासून पाठपुरावा केला. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरही १२ टक्के रुग्ण थकवा, वेदना आणि विस्मरण यांनी अडलेले होते. कोण अडून राहणार, हे मुख्यतः मूळ आजार किती तीव्र होता यावर अवलंबून होते. स्वभाव किंवा आधीची मनःस्थिती यांवरून ते सांगता आले नाही. मनाच्या आजाराला मी कमी लेखत नाही. दोन वर्षांच्या अशा जगण्यात मलाही नैराश्य आले, त्यावर उपचार घेतले आणि त्यांचा उपयोग झाला. मन हलके झाले, पण उभे राहिल्यावर नाडी पूर्वीइतकीच वाढत राहिली.

तिसऱ्या गाऱ्हाण्यावर मी सर्वांत जास्त थांबणार आहे, कारण त्याने प्रत्यक्ष इजा होते. ते म्हणजे 'रोज थोडे थोडे चालणे वाढवा' हा सरसकट सल्ला. मला रोज दहा मिनिटे चालायला आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायला सांगण्यात आले होते. मी आज्ञाधारक रुग्ण आहे. वहीत रकाने आखून चालले. तिसऱ्या आठवड्यात, वीस मिनिटे चालल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मला उठून बसता येईना. घशात पुन्हा पहिल्या दिवसासारखी खवखव, मानेत गाठी, अंगात कणकण, आणि खिडकीचा उजेड व घड्याळाची टिकटिक असह्य. ते सोळा दिवस मी अंधाऱ्या खोलीत काढले. केस विंचरायला हात वर धरवत नव्हते म्हणून बहिणीने ते कापून टाकले. त्या सोळा दिवसांनंतर मी जिथे परत आले, ती पातळी चालायला सुरुवात केली त्या दिवसापेक्षा खालची होती आणि आजही ती भरून निघालेली नाही.

श्रम केल्यावर लगेच थकणे सर्वांना माहीत असते. येथे श्रम आणि शिक्षा यांच्यामध्ये बारा ते अठ्ठेचाळीस तासांचे अंतर असते, त्यामुळे रुग्णाला स्वतःलाही कार्यकारण लागत नाही आणि तो परत परत त्याच खड्ड्यात पडतो. चालणेच कशाला, लांबलेले फोनवरचे संभाषण किंवा एखादा सविस्तर अर्ज भरणेही पुरते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हा श्रमोत्तर बिघाड, म्हणजे श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण, हे मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिसचे गाभ्याचे लक्षण ठरवले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत, ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार त्या आजाराच्या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट म्हटले. २०२४ च्या जानेवारीत अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी दीर्घ कोविडच्या रुग्णांच्या स्नायूंचे नमुने व्यायामापूर्वी आणि व्यायामानंतर तपासून दाखवले की पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे काम त्या एका व्यायामानंतर आणखी ढासळते आणि स्नायूंत इजेच्या खुणा वाढतात. हे सर्व छापून आलेले आहे. तरीही मला मिळालेल्या सल्ल्याच्या कागदावर 'आळस झटका' असे शब्द होते.

व्यायाम सर्वांनाच वर्ज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या, अंथरुणात पडून स्नायू गेलेल्या किंवा फुप्फुसांना इजा झालेल्या रुग्णाला देखरेखीखालचा व्यायाम उभे करतो. म्हणूनच तर एक प्रश्न आधी विचारायला हवा: 'श्रम केल्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला काय होते?' मला हा प्रश्न अकरा महिन्यांत कोणी विचारला नाही. त्या ओपीडीत तो छापील तपासणीपत्रकावरच होता. तिथेच मला शक्ती संपण्याआधी थांबायला शिकवले. नाडी ठरलेल्या आकड्यावर गेली की हातातले काम तिथेच सोडून आडवे व्हायचे. अंघोळ स्टुलावर बसून. एका दिवसात एकच मोठे काम. याने मी बरी झाले नाही, पण पडणे थांबले. गेल्या सात महिन्यांत मी त्या अंधाऱ्या खोलीत परत गेलेले नाही. बंद झालेल्या विभागाने काय दिले, असे कोणी विचारले तर मी हे सांगेन.

चौथे गाऱ्हाणे कागदाचे. 'अशक्तपणा' या शब्दावर दीर्घ रजा मिळत नाही, हलके काम मिळत नाही, विम्याचा दावा टिकत नाही. आपल्या लेखणीतून उतरलेल्या एका नेमक्या निदानावर माणसाची नोकरी टिकते किंवा जाते, हे तपासणीच्या घाईत विसरले जाते.

आणि हा प्रश्न एकाच विषाणूचा नाही. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने, काहींचे वर्षानुवर्षे धरलेले राहतात. त्या आजाराचे नावच मुळी वेदनेने वाकणाऱ्या देहावरून पडले आहे. नागीण बरी झाल्यावर काहींच्या नसांची आग तीन-तीन महिन्यांहून अधिक काळ राहते. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते २०१६ च्या साथीतून वाचलेल्या इबोलाच्या रुग्णांना सांधेदुखीने आणि डोळ्यांच्या दाहाने ग्रासले. पोलिओतून सावरलेल्यांचे स्नायू काही दशकांनी पुन्हा क्षीण होऊ लागतात. साध्या सर्दीतापानंतर वास गेलेले आणि तो परत येताना ओळखीचा प्रत्येक गंध कुजका वाटू लागलेले लोकही आहेत. त्यांच्यासाठी गुलाब, लवंग, लिंबू आणि निलगिरी या चार गंधांचा दिवसातून दोनदा आठवड्यांनुआठवडे सराव करण्याची पद्धत २००९ पासून प्रसिद्ध आहे, आणि ती सांगणारा कोणी भेटत नाही. ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. आणीबाणी संपली म्हणजे विषाणूंनी मागे ठेवलेले आजार संपले, असा अर्थ आपण लावलात, ही आमची तक्रार आहे.

आपण ज्या खोलीतून उठून जाता, तिथे बाजार येऊन बसतो, हेही आपल्या कानावर घालते. रक्त शुद्ध करण्याचे दावे, शिरेतून देण्याची 'ताकदीची' द्रव्ये, महिन्याभरात पूर्ववत करण्याची हमी, हे सर्व मला या दोन वर्षांत कोणी ना कोणी देऊ केले. ज्याला खऱ्या डॉक्टरने 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगितले आहे, तो माणूस खोट्या आशेला किती सहज बळी पडतो, ते मी बाकावरच्या त्या चौघांकडून आधीच्या खेपांना ऐकले आहे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. या आजारावर आज सिद्ध झालेला उपचार नाही, याची मला कल्पना आहे. विषाणूचे अवशेष शरीरात राहतात की रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, सुप्त विषाणू जागे होतात की सूक्ष्म रक्तवाहिन्यांत बिघाड होतो, यांवर संशोधन सुरू आहे आणि वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळी कारणे असू शकतील. तेव्हा आम्ही बरे करण्याची मागणी करत नाही. आमची मागणी अशी आहे की बंद केलेले पाठपुरावा विभाग पुन्हा सुरू करावेत, आठवड्यातून एक दिवस का होईना, आणि ते एका साथीशी न जोडता 'संसर्गोत्तर विकार' या व्यापक नावाने चालवावेत. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना फोनवरून तपासणीची वेळ द्यावी. व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर निदान व संकेतांक लिहावा आणि त्यांची वेगळी मोजणी जाहीर करावी.

प्रत्येक डॉक्टरांकडे आणखी दोन गोष्टी मागते. व्यायाम लिहून देण्यापूर्वी श्रमानंतरच्या दुसऱ्या दिवसाबद्दल विचारावे, आणि चक्कर, धडधड किंवा ब्रेन फॉग (विचार धूसर होणे) सांगणाऱ्या रुग्णाला एकदा तरी भिंतीशी दहा मिनिटे उभे करून पाहावे. हे करायला नवे यंत्र लागत नाही.

आणि निर्णय घेणाऱ्या समित्यांवर रुग्णांना जागा द्यावी. 'लाँग कोविड' हे नाव मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ महिलेने, स्वतः आजारी असताना, दिले. त्या काळी सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो असेच सांगितले जात होते. पुढे रुग्णसंशोधकांच्याच गटाने ५६ देशांतल्या ३,७६२ जणांकडून माहिती गोळा करून २०० हून अधिक लक्षणांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. अंथरुणात पडून हे काम करणाऱ्यांना सल्लामसलतीला बोलावताना मात्र अजून हात आखडता घेतला जातो.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या केसपेपरवर दोन तारखा एकदम लिहून दिल्या होत्या. एका तारखेला मी दारावरचा कागद वाचून परतले. दुसरी तारीख पुढच्या महिन्यातली आहे आणि ती खोडलेली नाही. त्या दिवशी मी कोणत्या खोलीत यायचे आणि तिथे मला कोण तपासणार, तसेच बाकावरच्या इतर चौघांनी कुठे जायचे, हे कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
बिनपगारी रजेवरची एक गणित शिक्षिका